‘किंवा’चा प्रश्न : पर्यावरणविषयक जनसुनावणी आणि सार्वजनिक ग्रंथालय

१

शासनाने प्रसिद्ध केलेली माहिती आणि लोकांपर्यंत पोचलेली माहिती या दोन गोष्टी एकच होत, असे प्रशासनाच्या व्यवहारात बहुधा गृहीत धरलेले असते. राजपत्रात मजकूर छापला, कार्यालयाच्या फलकावर कागद लावला, वर्तमानपत्रात सूचना दिली, की प्रसिद्धीचे कर्तव्य पार पडले असे समजले जाते. परंतु माहितीचे सार्थक तिच्या प्रकाशनात नसून तिच्या उपयोगात आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील पहिल्याचा रोख नेमका याच गोष्टीवर होता. ग्रंथ हा जपून ठेवण्याचा ऐवज नसून वापरण्याचे साधन आहे, हा त्या सूत्राचा आशय आता ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. हीच कसोटी पर्यावरणविषयक शासकीय कागदपत्रांना लावून पाहिली, तर काय दिसते?

पर्यावरणाच्या क्षेत्रात हा प्रश्न विशेष तीव्र होतो. एखाद्या तालुक्यात खाण, औष्णिक वीजकेंद्र किंवा रासायनिक कारखाना व्हावयाचा असेल, तर त्याचे परिणाम भोगणारा मनुष्य आणि त्या परिणामांचे वर्णन करणारा कागद हे एकमेकांपासून फार दूर असतात. कागद जिल्ह्याच्या गावी, मनुष्य खेड्यात; कागद इंग्रजीत, मनुष्य मराठीत; कागद कार्यालयाच्या वेळेत खुला, आणि त्याच वेळेत मनुष्य शेतावर किंवा मजुरीला. हे अंतर तोडण्यासाठी समाजाने पूर्वीच एक संस्था निर्माण केलेली आहे. ती म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. पर्यावरणाचे रक्षण ज्यांच्याकडे सोपविलेले आहे त्या शासकीय यंत्रणांनी या संस्थेला कोणते साहाय्य दिले, कोणते द्यावयास हवे होते, आणि त्या साहाय्याच्या मर्यादा कोणत्या, याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

२

या चिकित्सेचा आरंभ एका तरतुदीपासून करणे सोयीचे ठरेल. केंद्र शासनाने २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरणीय आघात मूल्यमापनाची अधिसूचना काढली. तीत जनसुनावणीची रीतसर पद्धती १० एप्रिल १९९७ च्या दुरुस्तीने आली. प्रकल्पाचा सारांश लोकांना कोठे पाहावयास मिळेल, याची यादी त्या दुरुस्तीत होती. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा उद्योग केंद्र, जिल्हा परिषद अथवा महानगरपालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यालये आणि राज्याचा पर्यावरण विभाग ही तीतील स्थळे होत. ही सर्व कार्यालये आहेत. ज्या ठिकाणी सामान्य मनुष्य अर्ज घेऊन, काहीशा संकोचाने, आपले काम होईल की नाही या शंकेने जातो, तीच ठिकाणे वाचनासाठी योग्य मानली गेली. यादीत ग्रंथालय नव्हते.

१४ सप्टेंबर २००६ रोजी नवी अधिसूचना आली आणि तिच्या चौथ्या परिशिष्टात प्रथमच सार्वजनिक ग्रंथालयाचा उल्लेख झाला. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने मसुदा अहवालाचा सारांश आपल्या कार्यक्षेत्रातील निवडक कार्यालयांत किंवा सार्वजनिक ग्रंथालयांत किंवा पंचायतींत पाहावयास उपलब्ध करून द्यावा, असा त्या तरतुदीचा आशय आहे. पर्यावरणाच्या कायद्याने ग्रंथालयाची दखल घेतली, ही गोष्ट लहान नाही. वाचनाची जागा कचेरीहून निराळी असू शकते, हे त्यातून मान्य झाले. तथापि या वाक्याचे व्याकरण नीट पाहिले तर त्यातील दान किती तोकडे आहे हे ध्यानात येते.

पहिली गोष्ट ‘किंवा’ या अव्ययाची. विकल्पाने सांगितलेले कर्तव्य हे ज्याला ते पार पाडावयाचे त्याच्या सोयीने पार पडते. मंडळाने दोन कार्यालयांत सारांश ठेवला आणि एकाही ग्रंथालयात ठेवला नाही, तरी तरतुदीचा भंग झाला असे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट ‘निवडक’ या विशेषणाची. निवड कोणी करावी, कोणत्या निकषावर करावी, प्रकल्पस्थळापासून ते ग्रंथालय किती अंतरावर असावे, याविषयी तरतूद मौन धरते. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. याच परिशिष्टानुसार संपूर्ण मसुदा अहवाल जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका, जिल्हा उद्योग कार्यालय आणि मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय यांच्याकडे जातो. ग्रंथालयाच्या वाट्याला येतो तो केवळ सारांश, आणि या सारांशाची मर्यादा त्याच अधिसूचनेने जास्तीत जास्त १० पृष्ठे ठरविलेली आहे. शेकडो पृष्ठांचा अहवाल दहा पृष्ठांत बसविताना काय राहते आणि काय गळते, हे ठरविणारा लेखक प्रकल्पाच्या बाजूचा असतो. म्हणजे वाचनासाठी निर्माण झालेल्या संस्थेला वाचावयास सर्वांत कमी मिळते, आणि ज्या कचेऱ्यांत कोणी वाचावयास जात नाही तेथे संपूर्ण ग्रंथ पडून राहतो.

या मांडणीत दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नाही. ग्रंथालय म्हणजे कागद ठेवण्याच्या अनेक जागांपैकी एक जागा, अशी जी कल्पना तरतुदीच्या मुळाशी आहे, तिचा हा दोष आहे. ग्रंथालय ही जागा नसून सेवा आहे, हा विचार तेथपर्यंत पोचलेला नाही.

३

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या उणिवेची खंत अधिक वाटते; कारण या प्रदेशात वाचनालयाची परंपरा शासनाच्या पर्यावरणविषयक यंत्रणेहून पुष्कळ जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली स्थापन झाले. गोव्यात पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे मूळ १८३२ पर्यंत मागे जाते. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयाचा कायदा केला, तो भारतातील अशा कायद्यांत पहिला मानला जातो. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला. त्यातून राज्य ग्रंथालय परिषद, ग्रंथालय संचालनालय आणि जिल्हा ग्रंथालय समित्या यांची रचना उभी राहिली. आज अ, ब, क आणि ड अशा वर्गांत विभागलेली दहा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये राज्यात आहेत. त्यांतील बहुसंख्य नोंदणीकृत संस्थांनी चालविलेली आणि शासनाच्या परिरक्षण अनुदानावर अवलंबून आहेत.

दुसऱ्या बाजूस महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. जलप्रदूषणासंबंधीचा केंद्रीय कायदा १९७४ चा. त्याच्याही आधी राज्याने स्वतःच्या १९६९ च्या कायद्यान्वये हे मंडळ निर्माण केले, ही दूरदृष्टीची गोष्ट होती. म्हणजे ग्रंथालय अधिनियम आणि प्रदूषण मंडळ ही दोन्ही साधारण एकाच काळातील अपत्ये आहेत. परंतु ती वेगवेगळ्या घरांत वाढली. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे, मंडळ पर्यावरण विभागाकडे. जनसुनावणीची तारीख ठरते तेव्हा ती जिल्हाधिकाऱ्यांना कळते, वर्तमानपत्रांना कळते. तालुक्याच्या ग्रंथपालाला ती इतर नागरिकांप्रमाणे वर्तमानपत्र वाचूनच कळावयाची. त्याच्या टेबलावर येणाऱ्या दैनिकात सूचना असते, पण सूचनेत ज्या अहवालाचा उल्लेख आहे तो मागणाऱ्या वाचकाला देण्यासाठी त्याच्याजवळ काही नसते.

न्यायासाठी हेही नमूद केले पाहिजे की, मंडळ आपल्या संकेतस्थळावर सुनावणीच्या सूचना आणि प्रकल्पांचे सारांश इंग्रजीत व मराठीत प्रसिद्ध करीत आले आहे. माहिती दडविण्याचा हेतू सर्वत्र आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रश्न हेतूचा नसून मार्गाचा आहे.

४

मार्ग अपुरा असला की काय घडते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी मे २०१० मध्ये माडबन येथे झाली. प्रकल्प योग्य की अयोग्य हा येथील विषय नाही. परंतु त्या सुनावणीच्या वेळी ग्रामस्थांच्या तक्रारींत एक तक्रार अशी होती की, अहवाल मराठीत आणि पुरेशा वेळेआधी वाचावयास मिळाला नाही. ज्या जिल्ह्यात १८२८ पासून वाचनालय आहे, त्या जिल्ह्यात वाचावयास मिळाले नाही अशी तक्रार निघावी, यातील विसंगती बोलकी आहे.

दुसरे उदाहरण पश्चिम घाटाचे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने आपला अहवाल ऑगस्ट २०११ च्या अखेरीस मंत्रालयास सादर केला. तो लोकांसमोर येण्यासाठी केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाचा मे २०१२ चा निर्णय व्हावा लागला. घाटाच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या लोकांसंबंधीचा हा ग्रंथ. परंतु त्यावर वादळ उठले ते बहुतेकांनी तो वाचण्यापूर्वीच. अहवालाच्या बाजूने बोलणारे आणि विरुद्ध बोलणारे या दोहोंपैकी पुष्कळांचा आधार ऐकीव माहिती हाच होता. मूळ ग्रंथ आणि त्याचे प्रादेशिक भाषांतील विश्वसनीय भाषांतर गावोगावच्या वाचनालयांत प्रथमच गेले असते, तर मतभेद मिटले असते असे नव्हे; पण ते मतभेद ग्रंथाविषयी झाले असते, अफवेविषयी नव्हे.

तिसरे उदाहरण भाषेचे. २०२० साली अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला, त्यात लोकांना आपले म्हणणे मांडण्यासाठीची किमान मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणण्याचे प्रस्तावित होते. हा मसुदा आरंभी केवळ इंग्रजी व हिंदी या भाषांत उपलब्ध होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतरित करण्याचा आदेश दिला. लोकांचे मत मागविणाऱ्या कागदाचे भाषांतर व्हावे यासाठी न्यायालयात जावे लागते, तेथे शासकीय प्रसिद्धी आणि लोकवाचन यांतील दरी किती रुंद आहे याचे दुसरे प्रमाण नको.

५

परदेशातील अनुभव या संदर्भात उपयोगी आहे; मात्र तो आदर्श म्हणून नव्हे, तर गुणदोषांसह तपासण्याचा विषय म्हणून. अमेरिकेत विषारी कचऱ्याने दूषित झालेल्या स्थळांच्या शुद्धीकरणासाठी १९८० साली जो कायदा झाला, त्यात १९८६ च्या सुधारणेने लोकसहभागाचे कलम आले. स्थळासंबंधीची कागदपत्रे त्या स्थळाच्या ठिकाणी किंवा जवळ लोकांना पाहण्यासाठी व नकला घेण्यासाठी उपलब्ध असली पाहिजेत, अशी त्याची अट आहे. या अटीच्या पूर्ततेसाठी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने माहितीची भांडारे नेमली, आणि व्यवहारात अनेक गावी हे भांडार म्हणजे तेथील सार्वजनिक ग्रंथालयच ठरले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कायद्याने प्रथम ‘जवळ’ हा निकष पक्का केला. ग्रंथालय हे त्या निकषातून आपोआप निष्पन्न झाले. भारतीय तरतुदीत ग्रंथालयाचे नाव आहे, परंतु जवळिकीचा निकष नाही. नाव असून निकष नसणे यापेक्षा निकष असून नाव नसणे अधिक फलदायी ठरले, हा त्यातील बोध होय.

परंतु याच संस्थेचा दुसरा अध्याय सावध करणारा आहे. संस्थेच्या स्वतःच्या ग्रंथालयांचे जाळे १९७१ पासून होते. २००६ साली अर्थसंकल्पात सुमारे २० लक्ष डॉलरांची कपात प्रस्तावित होताच शिकागो, डॅलस व कॅन्सस सिटी येथील प्रादेशिक ग्रंथालये आणि वॉशिंग्टनचे मुख्यालयातील ग्रंथालय यांची दारे वाचकांना बंद झाली. सर्व काही संगणकावर आणले जाईल असे समर्थन देण्यात आले. संस्थेचेच शास्त्रज्ञ, ग्रंथपाल आणि लोकप्रतिनिधी यांनी त्यावर आक्षेप घेतले. अखेर काँग्रेसने २००७ च्या डिसेंबरात ग्रंथालये पूर्ववत करण्यासाठी १० लक्ष डॉलरांची तरतूद केली व २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. जी यंत्रणा गावच्या ग्रंथालयाला कागद पुरविते, तीच काटकसरीच्या पहिल्या झुळकेबरोबर स्वतःच्या ग्रंथालयावर कुऱ्हाड चालविते, हे यावरून दिसते. म्हणून साहाय्य हे यंत्रणेच्या मर्जीवर ठेवून चालत नाही. ते नियमात बांधलेले असावे लागते.

युरोपात १९९८ साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे पर्यावरणविषयक माहिती, निर्णयप्रक्रियेतील सहभाग आणि न्याय यांसंबंधीचा करार झाला व तो २००१ मध्ये अमलात आला. माहितीचा हक्क आणि सहभागाचा हक्क यांना त्याने एकत्र गुंफले, हे त्याचे वैशिष्ट्य. भारत या कराराचा पक्षकार नाही. परंतु भारताच्या स्वतःच्या माहिती अधिकार अधिनियमात, २००५ च्या चौथ्या कलमात, पुरेसे बीज आहे. सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती मागणीवाचून स्वतः होऊन प्रसिद्ध करावी, ती स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम विचारात घेऊन पसरवावी, आणि लोकांसाठी ग्रंथालय वा वाचनकक्ष ठेवला असल्यास त्याच्या वेळाही जाहीर कराव्यात, असे ते कलम सांगते. २००६ च्या अधिसूचनेतील ‘किंवा’ हा शब्द २००५ च्या या कलमाच्या प्रकाशात वाचला, तर त्याचा अर्थ मंडळाच्या सोयीने न लावता वाचकाच्या सोयीने लावण्यास आधार मिळतो.

६

आता साहाय्याचे स्वरूप पाहू. पर्यावरण यंत्रणांचा ग्रंथालयांशी आजवर जो संबंध येतो तो बहुधा ५ जूनच्या निमित्ताने; भित्तिपत्रे येतात, घोषवाक्ये येतात, क्वचित आवारात रोप लावले जाते. यात गैर काही नाही. परंतु हे ग्रंथालयाचे साहाय्य नव्हे, ग्रंथालयाच्या भिंतीचा उपयोग आहे. खरे साहाय्य चार प्रकारचे असू शकते.

पहिले, निक्षेपाचे. सुनावणीची सूचना निघताच संपूर्ण मसुदा अहवालाची एक छापील प्रत प्रकल्पस्थळाजवळच्या शासनमान्य ग्रंथालयात जमा होणे आवश्यक करावे. अर्जदाराला किमान १० छापील प्रती द्याव्याच लागतात. अकरावी प्रत छापण्याने कोणत्याही प्रकल्पाचे अर्थकारण ढासळणार नाही.

दुसरे, सातत्याचे. सुनावणी एक दिवसाची असते, प्रकल्प पुष्कळदा एका पिढीचा. मंजुरीच्या अटींचे पालन कसे होत आहे याचा अहवाल प्रकल्पचालकाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना द्यावयाचा असतो व तो सार्वजनिक दस्तऐवज मानला जातो. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांखाली वार्षिक पर्यावरण विवरणपत्रही ३० सप्टेंबरपर्यंत सादर करावे लागते. हे कागद एकत्र, कालानुक्रमाने, एकाच ठिकाणी ठेवले तर दहा वर्षांत त्या परिसराच्या पाण्याचा, हवेचा आणि जमिनीचा इतिहास तयार होतो. आघात मूल्यमापनासाठीची पायाभूत निरीक्षणे पुष्कळदा एकाच हंगामातील, तीन महिन्यांची असतात. पावसाळ्याच्या मुलखात एका कोरड्या हंगामाचे चित्र किती अपुरे असते हे कोकणातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ही उणीव भरून काढणारी दीर्घ स्मृती कोठे असावयाची? कार्यालयातील अधिकारी बदलतात, फायली हलतात. ग्रंथालय मात्र एकाच जागी राहते. अर्थात येथे हेही सांगितले पाहिजे की, सर्व काही उघड्या कपाटात ठेवावयाचे नसते. जैवविविधता अधिनियमाखालील लोकजैवविविधता नोंदवहीत गावाचे पारंपरिक ज्ञान नोंदलेले असते. त्याच्या उघडपणाचा निर्णय गावानेच घ्यावयाचा; तो ग्रंथालयाने परस्पर घेऊ नये.

तिसरे, भाषेचे. अधिसूचना सारांश स्थानिक भाषेत मागते, अहवालाचा गाभा मात्र इंग्रजीत राहतो; आणि जो सारांश मराठीत येतो त्याची भाषा बहुधा मराठी अक्षरांतली इंग्रजी असते. ‘शमन उपाययोजना’, ‘आधाररेखा’, ‘उत्सर्जन भार’ असे शब्द अर्थाशिवाय एकामागून एक येतात. मंडळाने विद्यापीठांच्या मराठी व पर्यावरणशास्त्र विभागांच्या साह्याने एक प्रमाण परिभाषा आणि सुबोध शब्दार्थपुस्तिका सिद्ध करून ती प्रत्येक ग्रंथालयास पुरविली, तर ते भित्तिपत्रांच्या शंभर गठ्ठ्यांहून मोठे काम होईल.

चौथे, द्रव्याचे आणि माणसांचे. ग्रामीण ग्रंथालयातील कर्मचाऱ्याचे मानधन तुटपुंजे असते. महाराष्ट्राच्या अधिनियमात ग्रंथालय कराची तरतूद नाही, त्यामुळे ग्रंथालयाचे सारे अस्तित्व अनुदानावर टेकलेले असते. अशा संस्थेवर नवे काम लादावयाचे तर त्याचा खर्च लादणाऱ्याने सोसला पाहिजे. १९७२ साली स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्यांच्या सहकार्याने ग्रंथालयांना साहाय्य देते. त्या धर्तीवर पर्यावरण विभागाच्या निधीतून निक्षेप-ग्रंथालयांना निश्चित वार्षिक रक्कम आणि ग्रंथपालास अल्प मुदतीचे प्रशिक्षण देणे कठीण नाही. केंद्राने १९८२ साली पर्यावरण माहिती प्रणाली सुरू केली, तिच्या केंद्रांनी विषयवार माहिती गोळा करण्याचे उपयुक्त काम केले. परंतु ती केंद्रे विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्या आश्रयाने वाढली. तालुक्याचे वाचनालय हे त्या रचनेचे टोक कधी झाले नाही.

७

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ऑगस्ट २०१८ पासून केंद्राचे ‘परिवेश’ हे संकेतस्थळ चालू आहे, सर्व अर्ज व अहवाल तेथे मिळतात; मग ग्रंथालयाची आवश्यकता काय? संकेतस्थळाने अभ्यासकांची मोठी सोय झाली हे निर्विवाद आहे. परंतु शेकडो पृष्ठांचा, नकाशांचा आणि तक्त्यांचा ग्रंथ हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर वाचणे आणि तो टेबलावर पसरून, दोघातिघांनी मिळून, मागची पाने पुढच्या पानांशी ताडून पाहणे यांत अंतर आहे. संकेतस्थळ कागद देते. प्रश्न विचारावयास माणूस देत नाही. शिवाय वर वर्णिलेला परदेशी अनुभव सांगतो की संगणकाचे आश्वासन हे पुष्कळदा दार बंद करण्याचे निमित्त ठरते. ग्रंथालय हे संकेतस्थळाचे प्रतिस्पर्धी नसून त्याचे गावातील प्रवेशद्वार होऊ शकते.

दुसरा आक्षेप साक्षरतेचा आणि वाचनाच्या सवयीचा. अहवाल ठेवला तरी वाचणार कोण? या आक्षेपात तथ्य आहे. पण त्यामागे वाचनाची एक संकुचित कल्पनाही आहे. या प्रदेशात वाचन हे एकट्याने, मनातल्या मनात करावयाचे कृत्य पूर्वी कधीच नव्हते. एकाने पोथी वाचावी, जाणत्याने अर्थ सांगावा आणि इतरांनी ऐकून शंका काढाव्यात, ही रीत देवळात आणि चावडीवर शतकानुशतके चालत आली. वर्तमानपत्रही वाचनालयाच्या ओट्यावर असेच मोठ्याने वाचले जाई. दहा पृष्ठांच्या सारांशाचे असे जाहीर वाचन सुनावणीपूर्वी दोन-तीन वेळा झाले, तर निरक्षर श्रोताही सुनावणीत विशिष्ट प्रश्न विचारू शकेल. अधिसूचनेनुसार सुनावणीस उपस्थितीची कोणतीही किमान संख्या लागत नाही. म्हणूनच उपस्थितांची तयारी हे सुनावणीला अर्थ देणारे एकमेव बळ उरते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. शासकीय यंत्रणेकडून द्रव्य व साहित्य घेणारे ग्रंथालय तिचे मुखपत्र तर होणार नाही? हा धोका काल्पनिक नाही. पुष्कळ ग्रंथालयांचे कार्यकारी मंडळ स्थानिक राजकारणाशी निगडित असते, आणि प्रकल्पाच्या बाजूने वा विरुद्ध गाव दुभंगलेले असताना ग्रंथपालाच्या टेबलावर दोन्हींकडून दाब येतो. यावर उपाय साहाय्य नाकारणे हा नव्हे. साहाय्याच्या अटी नेमक्या करणे हा होय. निक्षेपाची प्रत जशीच्या तशी ठेवावी. तिच्याबरोबर तिच्याविरुद्धची निवेदने, स्वतंत्र अभ्यासकांचे लेखन आणि सुनावणीचे इतिवृत्तही त्याच कपाटात ठेवण्याचा ग्रंथालयाचा अधिकार लेखी मान्य व्हावा. हे अनुदान पर्यावरण विभागाच्या निधीतून आले तरी त्याचे वाटप ग्रंथालय संचालनालयामार्फत व्हावे, म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक निःपक्ष हात राहील. ग्रंथालयाने मत देऊ नये. मत बनविण्याची सामग्री मात्र कोणत्याही बाजूची वगळू नये.

८

सारांश, पर्यावरणाच्या कायद्याने २००६ साली सार्वजनिक ग्रंथालयाचे नाव घेतले, पण त्याला काम दिले नाही. ते काम देण्यासाठी नव्या संस्थेची, नव्या इमारतीची वा मोठ्या खर्चाची गरज नाही. एका अव्ययाचा बदल पुरेसा आरंभ ठरेल. ‘कार्यालयांत किंवा ग्रंथालयांत’ याऐवजी ‘कार्यालयांत आणि ग्रंथालयांत’ असे झाले, ‘सारांश’ याऐवजी ‘संपूर्ण अहवाल’ असे झाले आणि त्यास ‘प्रकल्पस्थळाजवळच्या’ या विशेषणाची जोड मिळाली, की बाकीच्या गोष्टी त्यामागून येतील. राज्याच्या मंडळाला तर केंद्राच्या दुरुस्तीची वाट पाहण्याचेही कारण नाही. निवड करण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. ती निवड ग्रंथालयाच्या बाजूने करण्यास कोणताही नियम आड येत नाही.

या विषयात विद्यापीठीय अभ्यासकांनाही वाटा आहे. एखादा जिल्हा घेऊन, गेल्या काही वर्षांत तेथे झालेल्या सुनावण्यांचे सारांश नेमके कोठे ठेवले गेले, त्यांतील किती ग्रंथालयांत पोचले, आणि किती वाचकांनी ते मागितले याची पाहणी ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी केली, तर आजचे विवेचन अनुमानाच्या पातळीवरून पुराव्याच्या पातळीवर येईल. सुनावणीच्या मांडवात उभा राहून बोलणारा मनुष्य ऐकीव गोष्टीवर बोलतो की वाचलेल्या गोष्टीवर, यावर त्याच्या शब्दाचे वजन अवलंबून असते. ते वजन त्याला मिळवून देणे हे पर्यावरण यंत्रणेचे आणि ग्रंथालयाचे समाईक कर्तव्य आहे.